तीन पट्ट्यांचं सोयाबीन

जळकोट, २४ ऑगस्ट २०२३

चि. वर्षाराणीस,
वहिनीचे अ. उ. आ. फोनवर बोलायला गेलं की आई कान देऊन बसतात, म्हणून लिहिते.

पाऊस गेला तो गेलाच. तुझ्या अभ्यासासाठी पेरलेले सोयाबीनचे तीन पट्टे रोज बघते. लवकर येणाऱ्या वाणाच्या शेंगा भरत आल्यात. लव असलेल्या पानांचं जे हाय, ते दुपारी पानं उलटी करून घेतं, पण उभं हाय. उशिरा येणारं मोठ्या पानांचं, आईंचं लाडकं, ते लई नाजूक. माना टाकून बसलंय, फुलं गळून राहिलीत.

कोरड्यात कुठलं तगतं ते बघायचंय, पाणी देऊ नका म्हणून तू बजावलंस. तुझे दादा तर आठवडाभर बघून तिन्हीवर तुषार सिंचन लावणार म्हणतात. विहिरीत पाणी थोडंच. मी मधे बोलले, तर शेतातलं तुला काय कळतं, म्हणाले. काय करू, लवकर कळव.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून,
आरती वहिनी

नांदेड, २८ ऑगस्ट

ती. आरती वहिनींस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून जेवण गेलं नाही. तिन्हीला पाणी द्या. सर रागावतील, माझं वर्ष जाईल, पण पट्टे पुन्हा पेरता येतील. घरचं रान वाळवून मला पदवी नको.

आणि दादाला सांगा, रोज पिकात तुम्ही जाता. तो हॉटेलात चहा पीत पावसावर भाषणं देतो.

आईला नमस्कार, तुम्हाला जरा जास्त.
वर्षाराणी

जळकोट, १४ ऑक्टोबर

चि. वर्षाराणीस,
अ. उ. आ. रागावू नकोस, तुझं ऐकलं नाही. थोडं पाणी तिघांत वाटून कुणाचंच भागलं नसतं. म्हणून मीच म्हणाले, तुषार फक्त उशिराच्या वाणावर लावायचा, आणि त्यातला निम्मा पट्टा तुझ्यासाठी कोरडा ठेवायचा. हे लई चिडले. मी मोटारीच्या स्टार्टरपाशी बसले, उठलेच नाही. शेवटी आईच यांना म्हणाल्या, आता गप पाइप उचल.

रास झाली. लवकरच्या वाणाचे दाणे बारीक, पण भरलेले. लववाल्यानं कोरड्यातही चांगलं दिलं. उशिराच्या कोरड्या तुकड्यात नुसत्या चपट्या शेंगा. पाणी मिळालं तिथं मात्र सगळ्यात टपोरा दाणा. सरांना दाखवायला चारी पिशव्या वेगळ्या बांधल्यात.

परवा जेवताना हे ताटाकडं बघतच म्हणाले, पुढच्या साली कुठलं पेरायचं, तूच सांग. लग्नाला बारा वर्षं झाली, रानातलं मला पहिल्यांदाच विचारलं. तव्यावरची भाकरी करपली बघ. विचार करून सांगते, म्हणाले.

अजून सांगितलं न्हाई. रोज वाट बघून राहिलेत, बघू देत.

दिवाळीला ये, तोवर जिवाला जपून अस.
तुझी आरती वहिनी