आखूड काडतूस

आबा, तुमची बंदूक मी यंदा पेणला नेऊन तपासून आणली. ती शाबूत आहे, मी शाबूत आहे, आणि वालही निम्म्याहून जास्त हाती लागला. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणून सांगितलेली तुम्हाला खपायची नाही. कुणी धावतपळत काही सांगायला आलं की तुम्ही म्हणायचात, "आधी सांग, माणूस जिता हाय का नाय. मग बाकीचं." तर सगळी जिती आहेत. आईसुद्धा. आता बाकीचं सांगते.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा बंदूक म्हणून काही मी जवळून पाहिलेलं नव्हतं. पेणला माझ्या माहेरी शस्त्र म्हणजे उंदराचा पिंजरा. इथे रोह्याच्या अलीकडे, डोंगराला टेकलेल्या गावात, तुमच्या खोलीत खुंटीवर एकनळी बाराबोअर टांगलेली. पीक राखायच्या लायसनची, तुमच्या वडलांपासूनची. कंपनीतून शिफ्ट संपवून आलात की डबा खाली ठेवायच्या आधी तुमचं तिच्याकडे लक्ष जायचं. तुमच्या थोरल्याला, म्हणजे ह्यांना, त्या आवाजाची लहानपणापासून धास्ती. भावजींना हौस होती, पण ते नोकरीला पनवेलला. राहिले मी. तुम्ही बंदूक पुसायला बसलात की मी काहीतरी निवडायला, सोलायला घेऊन तिथेच घुटमळायची, हे तुमच्या ध्यानात आलं असणार. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

तो दिवस मला अजून दिसतो. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून बिरड्यासाठी वाल सोलते आहे. ओटीवर भात पसरलंय म्हणून तुम्ही आत खिडकीपाशी येऊन बसलात. मांडीवर बंदूक, बाजूला तुमची नेहमीची आखूड काडतुसं, आणि कोलाडच्या कुणा ओळखीच्याने दिलेली दोन लांब, नवी, लालभडक. तुम्ही पाणी प्यायला उठता. मला वाटतं, आपणही जरा हात लावावा. उघडता कशी ते रोज पाहतेच आहे. मी बंदूक उघडून नळी खाली करते, लाल काडतूस घालते. ते लोण्यात सुरी जावी तसं आत जातं. मी खुशीत म्हणते, "आबा, हे पण बसतंय!"

तुम्ही असे ओरडलात की परसातल्या कोंबड्या उडाल्या. "काढ! आधी काढ ते बाहेर! बसतंय म्हणून चालतंय असं नाय!" तुम्ही बंदूक हिसकावलीत, माझ्या मांडीवरची परात कलंडली आणि सोललेले वाल चुलीच्या राखेत गेले. मी मागच्या दाराशी जाऊन रडले. आई पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे गो, त्यांचा ओरडायचा सूरच तसा." पण तो सूर तसा नव्हता. तुम्ही कुणावर ओरडत नसायचात, कापणीला मजूर उशिरा आला तरीसुद्धा. त्यानंतर मी तुमच्याशी बोलेना. चहा आईंच्या हातून पाठवायची. तुम्हीही काही समजावून सांगितलं नाहीत. माझ्या मनाने घेतलं ते इतकंच की शहरातली पोर, त्यातून बाई, तिने बंदुकीला हात लावलेला तुम्हाला सोसला नाही.

मग पंधरवडाभराने तुम्ही बंदूक कापडात गुंडाळून घेऊन गेलात. संध्याकाळी परत आलात ते सरळ माझ्यापुढे उभे राहिलात. खांद्याला लावायचं मागचं लाकूड तुम्ही दोन बोटांएवढं कापून आणलं होतं, कड घासून, तेल पाजून. "लाव," म्हणालात. मी लावली. ती माझ्या खांद्यात अशी बसली की जणू मापच घेतलं होतं. तुम्ही स्वतः लावून दाखवलीत तर तुमचं कोपर अवघडलं. "मला आता व्हत नाय ही," म्हणालात. "तुलाच सांभाळायला लागंल." मग लायसनवर माझं नाव चढवून घेतलंत आणि बांधावर गंजका डबा ठेवून मला नेम धरायला शिकवलंत. श्वास सोडायचा, मग चापावरचं बोट ओढायचं. तुमच्या माघारी लायसन माझ्या नावावर झालं तेव्हा ऑफिसातला माणूस दोनदा विचारत होता, "तुमच्याच नावावर करायचं ना, बाई?" हे तिथे उभे राहून "व्हय, तिच्याच," म्हणाले. तुम्हाला ऐकायला आवडलं असतं.

आता यंदाचं. तुमच्या वेळी डुकरं डोंगराच्या कडेने जायची यायची. आता निम्म्या लोकांनी शेती टाकली, जमिनी पडीक, बांधाबांधाला झुडपं माजलेली, आणि डुकरं पार विहिरीपर्यंत येतात. भात निघालं, वाल पेरला, वेल फुलावर आला आणि एका सकाळी पाहते तर खालचं शेत नांगर फिरवल्यासारखं उलटंपालटं. वनखात्यात अर्ज केला, त्यांची माणसं येऊन पाहून गेली, रीतसर परवानगी मिळाली. पण तुमची आखूड काडतुसं सरत आलेली, आणि उरली होती ती ओल लागून फुगलेली. भावजी सुट्टीवर आले होते. ते म्हणाले, "वहिनी, ती पोरखेळातली काडतुसं. डुकराला त्याने गुदगुल्या होतात. चल, चांगली मॅग्नम घेऊ."

दुकानात आखूड नव्हतीच. "हल्ली कोण मागत नाही," दुकानदार म्हणाला. त्याने काचेवर दोन जाती ठेवल्या. एक स्टँडर्ड, तुमच्या काडतुसांपेक्षा जरा लांब. दुसरी मॅग्नम, त्याहून लांब, पितळ चकचकीत, दारू जास्त. भावजींचा हात सरळ मॅग्नमवर. मी म्हटलं, नको, बंदूक जुनी आहे, एवढं नको. आमची तिथेच थोडी झकाझकी झाली आणि शेवटी आम्ही स्टँडर्ड घेतली. मला बरं वाटलं, आबा. दोन टोकं समोर ठेवली आणि मधलं उचललं की आपण फार शहाणपणाने वागलो असं वाटतं. दुकानदार म्हणालाच होता, "जुनी असेल तर एकदा दाखवून घ्या कुणाला." पण खालचं शेत रोज उकरलं जात होतं, आणि मला दाखवण्यात दिवस घालवायचा नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं बांधाआड बसलो. दिवस कलताना ती आली, एक मोठी मादी पुढे, मागे सात-आठ. एवढ्या जवळ की मुळं कडाकडा तुटताना ऐकू येत होती. मी काडतूस घातलं. ते आत गेलं, अलगद. बंदूक खट्कन मिटली. भावजी कानाशी कुजबुजले, "मार वहिनी, मार आता." मी श्वास सोडला. आणि बोट काही ओढलं जाईना. काडतूस फार सहज गेलं होतं आत. मला राखेत पडलेले वाल दिसायला लागले. मी बंदूक उघडली, काडतूस काढून पदरात टाकलं. त्या आवाजाने डुकरं थबकली आणि मग पुन्हा खायला लागली, जसं काही मी मारणार नाही हे त्यांना कळलंच होतं. भावजींनी उठून दगड मारले, तेव्हा कुठे पळाली. तोवर अर्धं शेत गेलं होतं. "भ्यायलीस," ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा दादा बरा, तो निदान कबूल करतो." मला तरी कुठे ठाऊक होतं, मी भ्याले की शहाणी झाले?

दुसऱ्या दिवशी मी लायसन, बंदूक आणि नव्या काडतुसांची पेटी घेऊन एकटीच पेणला गेले. महामार्ग अजून खोदलेलाच आहे, त्याची चिंता करू नका, तुम्ही ठेवून गेलात तसाच आहे. बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा माणूस आमच्या माहेरच्या आळीमागेच राहतो, हे मला भावाने सांगितलं. त्याने नळीखालचं लाकूड उतरवलं, चिंधीने काळं पुसलं आणि चष्मा वर करून म्हणाला, "हे बघा, पासष्ट लिवलंय. काडतुसाच्या घराची लांबी, मिलिमीटरात. तुम्ही आणलीत ती सत्तरची." मग त्याने मला दाखवलं. काडतुसाचं तोंड दुमडून बंद केलेलं असतं, म्हणून लांबसुद्धा आखूड घरात बसतं. उडताना ते तोंड उलगडतं आणि त्याला उलगडायला जागा लागते. घर आखूड असलं की ते पुढच्या चिंचोळ्या भागात अडकतं आणि सगळा जोर मागे येतो, उडवणाऱ्याच्या तोंडाकडे. "फुटलीच असती असं नाय म्हणत मी," तो म्हणाला. "एखाद्याची नाय फुटत. पण ही नळी इथं पातळ झालीय. आखूड काडतूस झेपेल तिला, पण ही लांब मी तर नसती उडवली." मी त्याच्या ओट्यावर तशीच खाली बसले. त्याच्या सुनेने न विचारता पाणी आणून दिलं. मला हसू येत होतं, उगाच, थांबवता येईना असं.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या आता फार कमी बोलतात, पण हे ऐकून त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "त्यांचा डावा कान कशाने गेला ठावं हाय तुला?" मी म्हटलं, कंपनीतल्या मशीनच्या आवाजाने. सगळ्यांना तुम्ही तेच सांगितलं होतंत. "मशीन नाय काय," आई म्हणाल्या. "लग्नाआधी त्यांच्या बापाची पयली बंदूक होती, तिच्यात असंच कुणाचं लांब काडतूस घातलं. नळी फाटली. कान गेला, डोळा वाचला. लाज वाटायची त्यांना सांगायला." मग म्हणाल्या, "तुझ्यावर ओरडले ना, त्या रात्री झोपले नायत. सारखं म्हणत व्हते, पोरीचं तोंड गेलं असतं, पोरीचं तोंड गेलं असतं."

आबा, इतकी वर्षं मी तो राग माझ्यावरचा समजत होते. तो राग नव्हताच, भीती होती, तीही माझ्यासाठी. हे कळल्यावर माझ्या अंगातून काहीतरी उतरून गेलं, डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर मान हलकी होते तसं. मी आईंच्या शेजारी बसून पोटभर रडले, आणि या वेळी त्यांनी "जाऊ दे गो" म्हटलं नाही.

पेणच्या त्याच माणसाने कुठूनशी आखूड काडतुसं मिळवून दिली. लांब काडतुसांची पेटी दुकानदाराने परत घेतली. पुढच्या आठवड्यात तीच मादी आली. मी तिला बांधाच्या या अंगाला येऊ दिलं, तुम्ही म्हणायचात तसं, जवळ येऊ दे, मग चूक होत नाही. एक बार. ती दोन पावलं चालली आणि वेलात बसली. गुदगुल्या वगैरे काही झाल्या नाहीत. बाकीची डोंगर चढून गेली ती अजून परतलेली नाहीत. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, त्यांच्या देखत ती पुरली. खड्डा भावजींनी खणला. मुद्दाम रजा काढून आले होते. घाम पुसत म्हणाले, "वहिनी, आबा असते तर मला त्या दिवशी बुकललं असतं." मी म्हटलं, "तुम्हाला नाय, मलाच. मग माझ्यासाठी काहीतरी घेऊन आले असते." ते हसले. जेवताना त्यांनी दोनदा बिरडं मागून घेतलं. हे म्हणाले की बार त्यांना घरात ऐकू आला आणि पहिल्यांदाच छाती धडधडली नाही. मला ते खरं वाटलं नाही, पण मी वाढत राहिले.

हा कागद कुठल्या पोस्टात टाकायचा नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. उद्या पाणी तापवायला चूल पेटवीन तेव्हा त्यात जाईल. म्हणूनच एक सांगून ठेवते, जे ह्यांना, आईंना, कुणालाच सांगितलेलं नाही. गावात बायका विचारतात, कशाला गो ते लोखंड घरात, दे ना सोडून. मी म्हणते, काय करू, वाल राखायला लागतो. ते खरं नाही, आबा. वाल नसता पेरला तरी मी ती सोडली नसती. श्वास सोडून बोट ओढणं, मला आवडतं ते.