सिमेंटात कोंडलेली कैची

दादा, उमरीतल्या कापसाच्या जुन्या वखारीचं छप्पर आता माझ्याकडे दुरुस्तीला आलंय. कौलांचा सगळा भार पेलणाऱ्या तिकोनी सागवानी कैच्यांपैकी दोन भिंतीजवळ खचल्यात, आणि खाली दिवसभर हमाल वावरतात. शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, "मिस्तरी, काय बदलायचं ते बदला, पण भिंतीतल्या सिमेंटला हात लावू नका. तुमच्या वडलांनी भरलेलं हाय. त्याच्यावरच तर वखार उभी हाय." मी मान हलवली. तुमच्या नावापुढं मान हलवायची मला सवय आहे.

ते सिमेंट भरलं तो दिवस आठवतो. भूकंपानंतर सगळ्यांनीच छपरांचा धसका घेतला होता आणि जो तो कैचीची टोकं भिंतीत पक्की करून मागत होता. जुन्या सुतारांनी भिंतीतल्या खोबणीत टोकांभोवती बोटभर जागा मोकळी ठेवली होती. तुम्ही ती सिमेंटनं ठासून भरत होता. तुम्ही एका शिडीवर, मी पलीकडच्या खोबणीपाशी. माझ्याकडून एक कोपरा राहतो. "उंदराला घर ठिवलंस का रे?" तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, आणि संध्याकाळी चुलीपुढं आईलाही तेच ऐकवता. मी तो आळसानं सोडला होता, अक्कल चालवून नाही. तरी त्या रात्री भाकरी तशीच ठेवून मी उठलो.

परवा शेठना कसंबसं राजी करून, शेजारी उभं करून, कैचीला टेकू लावून, मी एक खोबणी फोडली. आत लाकूड नव्हतंच, भुसा होता. कौलांतून झिरपलेलं पाणी सिमेंटनं आत कोंडून ठेवलं, लाकडाला वारा लागलाच नाही. शेठनी विचारलं, "हे कशानं झालं?" मी म्हणालो, "सिमेंटनं. दादा चुकले." कुजलेलं टोक कापून नवं सागवान जोडीन, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळीन, पण भोवती जागा मोकळी सोडीन, हेही सांगितलं. शेठनी खाली पडलेला भुसा बोटांनी चुरून बघितला. मग म्हणाले, "हाव. तुम्ही म्हणता तसं करा."

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. ते दोन शब्द बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही. दादा, लई बरं वाटलं.