लघुग्रहाचा एक नंबर माल

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे लोकांना माझी माहिती लागेल. यानाने लघुग्रहावरून आणलेल्या खड्यांचे फोटो पाहून त्यांची ऑनलाइन यादी करतो, तूर्त कंत्राटावर. तिच्यावरून जगभरचे शास्त्रज्ञ खडे मागवणार. म्हणजे सगळे माझ्यावर अवलंबून. सध्या मुक्काम देऊळगाव राजा, सासऱ्यांच्या माडीवरची खोली. घरजावई नाही. तात्पुरतं आहे. बायकोला, मंजुश्रीला, पुण्यात नोकरी लागली आहे, जूनमध्ये जॉइनिंग. तोवर मी पर्मनंट, मग दोघं पुण्याला.

९ मार्च
सगळे खडे काळे. रंगाचा रकाना भरून डोकं उठलं. काळा. काळा. काळपट. खोलीला खिडकी एकच, तीही सासऱ्यांच्या अंगणात उघडते.

१५ मार्च, दुपार
खाली उतरलो की सासरे विचारतात, कुठी निघाले? पान खायला, म्हणालो. त्यांनी पान घरीच मागवलं. परत वर.

२२ मार्च
सासरे पंजाबराव, बाजार समितीत अडत दुकान. तूर मुठीत घेऊन भाव सांगतात. आज वर येऊन फोटो पाहिले आणि खडे भराभर लावले: हा एक नंबर, हा दोन नंबर. भुकटीचे फोटो आले तसं तोंड वाकडं.
"जावईबापू, हे तं माती हाये. मालातली माती कोणी तोलते काय?"
पटलं. मलाही हेच सुचलं होतं.

२३ मार्च
भुकटीच्या सगळ्या नोंदी कचरा म्हणून काढून टाकल्या. यादी काय झकास दिसते! मंजुश्री म्हणाली, आधी तुमच्या वरिष्ठ मॅडमना विचारा. विचारत बसतो तो कारकून.

११ एप्रिल
प्रेरणा मॅडमचा बेंगळुरूहून फोन. शास्त्रज्ञ भुकटीचीच वाट पाहत होते म्हणे. ओरडल्या नाहीत; मीच दोनदा सॉरी म्हणालो. काढलेली प्रत्येक नोंद फोटो पाहून पुन्हा भरायची. तोवर पर्मनंटचा विषय बंद आणि सिक्युरिटीमुळे पत्ताही बदलायचा नाही, म्हणजे पुणंही नाही. अर्थात, एवढं नाजूक काम ते दुसऱ्या कोणाला देणार?

१२ एप्रिल
सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, अंतराळातली बाजार समिती काही खरी नाही.

२० मे
भुकटी संपत नाही. जीव गुदमरतो या खोलीत. मंजुश्रीला म्हटलं, जॉइनिंग थोडं पुढे ढकल, माझं होतच आलंय. ती कपडे घडी करत होती. म्हणाली,
"मी लय वाट पाह्यली. आता तुम्ही पाहा."
रागात आहे. उतरेल.

१ जून
उतरला नाही. पुण्याची बस वेळेवर आली, नेमकी आजच. मंजुश्रीने खिडकीतून हात केला. कोणाला केला ते कळलं नाही, सासरे आणि मी शेजारी उभे होतो. बस वळली. सासऱ्यांनी डोळे पुसले, गाडीला किक मारली.
"चला जावईबापू, घरी."
मागे बसलो.