खालचा खण कोणालाच नाही

मी, श्रीमती रीता अश्विन भैसारे, वय अठ्ठावन्न, सेवानिवृत्त आरोग्य सेविका, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, माझ्या मागे काय व्हावं ते पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. पोटातली गाठ आता काढण्यासारखी राहिली नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. डोकं शाबूत आहे. आईने रागाच्या भरात लिहिलं, असं माझा मुलगा कोर्टात म्हणेल. राग येऊन दोन पावसाळे झाले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घर. सावलीतलं स्लॅबचं घर माझ्या पगारातून बांधलेलं आणि माझ्याच नावावर आहे. ते मी माझी मुलगी संघप्रिया हिला देते. मुलगा विक्की आणि सून दिव्यानी पुढच्या दोन खोल्यांत राहतात. माझ्यामागे तीन महिन्यांत त्यांनी त्या रिकाम्या कराव्यात. संघप्रिया मनाने मऊ आहे, त्यांना राहू देईल. तसं तिने केलं तर घर तिच्याकडून माझा भाऊ नागसेन याच्याकडे जावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. नागसेन मऊ नाही.

२. मेकअपचं कपाट. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण सगळं त्याच्यावरून झालं.

संघप्रिया पाळण्यात असताना माझ्या ओठांच्या कडेला पांढरा डाग आला, मग हनुवटीवर, मग डोळ्यांभोवती. कोड लागत नाही, त्यात पाप-पुण्य नाही, हे मी नोकरीत घरोघरी सांगितलेलं. माझ्या सासूला, सोनीबाईला, सांगून उपयोग झाला नाही. ती म्हणाली, "तोंड झाकून राह्य. पोरीचं लगन व्हाचं आहे." पोरीला तेव्हा दातही आले नव्हते.

माझे पती अश्विन यांनी चंद्रपूरहून फाउंडेशनची बाटली आणली. ती गोऱ्या बाईच्या रंगाची होती. आमच्या रंगाचं तेव्हा मिळत नसे. दोन बाटल्या मिसळाव्या लागत, मग तीन. उन्हाने चेहरा काळवंडला की चौथी. अशा बाटल्या वाढल्या. पुढे हौसही लागली, ते लपवत नाही. लिपस्टिक, काजळ, डोळ्यांवरचे रंग. "घे ना, तुले आवडते तर," एवढंच अश्विन म्हणत.

तेव्हा आम्ही भाड्याच्या पत्र्याच्या घरात होतो. मे महिन्यात लिपस्टिक वितळून जात, म्हणून त्यांचा डबा ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत असे. पावसाळ्यात ब्रशना बुरशी यायची, ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचे. स्पंज इडलीपात्रात वाळायचे. डोळ्यांचे रंग मसाल्याच्या डब्यात असत. अश्विननी एकदा हळद समजून त्यातला पिवळा वरणात घातला आणि मला वाईट वाटेल म्हणून गुपचूप जेवले. स्लॅबच्या घरात आल्यावर त्यांनीच सुताराकडून सहा खणांचं कपाट करून घेतलं. खालच्या खणाला कुलूप होतं. त्यात डाग झाकायच्या बाटल्या आणि मलमं.

३. दिव्यानी कुरखेड्याची. लग्न होऊन आली तेव्हा मला आवडली. म्हणाली, "आई, तुमचं कपाट मी लावून देऊ का? सामान लय झालं तुमचं." तिने छान लावलं. पारदर्शक कप्पे आणले, लिपस्टिक रंगाप्रमाणे उभ्या केल्या, प्रत्येक बाटलीच्या बुडाला मुदतीची तारीख चिकटवली. वाळलेलं काजळ टाकायच्या आधी मला विचारलं. अश्विन गेल्यानंतर माझ्या वस्तूंना इतक्या हळू हात कोणी लावला नव्हता. मी तिला खालच्या खणाची किल्ली दिली आणि तो कशासाठी आहे तेही सांगितलं. "ही गोष्ट घरातच राहू दे बाई." ती म्हणाली, "हो आई."

मी तपासणीसाठी नागपूरला गेले, तेव्हा तिने कपाट कसं लावायचं याचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. आधी वरचे खण दाखवले. मग हसत म्हणाली, "आता पाहा सासूबाईंचा खालचा खण. त्याईच्या तोंडाले कोड आहे ना, इतकी वर्षं गावात कोणालेच समजू नाई देलं." एक बाटली उघडून स्वतःच्या हनुवटीला लावूनही दाखवली.

संघप्रियाचं लग्न गोंडपिपरीला जमलं होतं. मुलाच्या आईचा फोन आला, "बाई, घरात कोड आहे, हे आमाले आधी सांगाले पायजे होतं. आमचा पोरगा रस्त्यावर नाई पडला." संघप्रिया शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिने ती पूर्ण निवडली. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला बँकेत कामावर गेली, आणि तेव्हापासून समोरचा माणूस बोलताना तिच्या ओठांकडे पाहतो.

मी दिव्यानीला विचारलं. ती म्हणाली, "मी काय खोटं बोलली का आई? किती लोकाईनं पाह्यलं, पाहा तरी." विक्की म्हणाला, "काढून टाकते म्हणते ना थे. आता विषय कायले वाढवून राह्यली?"

४. म्हणून कपाट संघप्रियाला. वरच्या पाच खणांतलं सगळं सामान दिव्यानीला. नागसेनने ते धानाच्या पोत्यात एकत्र ओतून तिला द्यावं. भाड्याच्या खोलीत ती ते पुन्हा लावेल, हात चांगला आहे. खालचा खण कोणालाच नाही. त्यातल्या बाटल्या घरामागे खड्ड्यात फोडून माती टाकावी. विक्कीला काहीही देत नाही. त्याचं नाव विसरले नाही, मुद्दाम वगळलं आहे. बँकेतली शिल्लक संघप्रियाची. लग्न न केल्यास तिला ती पुरेल.

५. गेल्या दिवाळीपासून दिव्यानीच्या कपाळावर, टिकलीखाली, पांढरा ठिपका आहे. तिने मला दाखवला. "आई, हे तुमच्यासारखं तर नाई ना?" मी म्हणाले, "व्हिडिओ काढ, लोक सांगतील." ती रडली. मग कोणत्या बाटल्या कशा मिसळायच्या ते विचारलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

नोकरीत असे ठिपके मी पाहिले आहेत. टिकलीच्या मागच्या डिंकाने होतात. टिकली बंद केली, वेळेत औषध घेतलं, तर पुष्कळदा तिथेच थांबतात, रंगही भरतो. हे मी तिला सांगितलेलं नाही. संघप्रिया कामावर असते तेव्हा दिव्यानीच माझं अंग पुसते, गोळ्या देते, हे खरं आहे. त्यानंतर ती माझ्यासमोरच आरशात पाहून नवी टिकली लावते. ठिपका आता रुपयाएवढा झाला आहे.

माझ्यामागे पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमल्यावर नागसेनने हे कलम दिव्यानीला समोर बसवून मोठ्याने वाचावं. त्याआधी तिला कोणी सांगू नये.

सही करण्यापूर्वी हे चार शब्द माझ्या हाताने जोडते. साक्षीदार इंदुताई माझ्याबरोबर नोकरीत होत्या. कलम पाच वाचून त्यांनी कागद खाली ठेवला. "रीता, हे काढ. आज सांगतलं त अजून वेळ आहे तिले." मी नाही म्हटलं. माझ्या मरणाची शपथ घालून, तिला सांगणार नाही असा त्यांच्याकडून शब्द घेतला. तेवढ्यात दिव्यानी चहा घेऊन आली. इंदुताई तिच्या कपाळाकडे पाहत म्हणाल्या, "टिकली लय मोठी लावून राह्यली आजकाल."

"हो मावशी," दिव्यानी म्हणाली. "आईच म्हणते, तुले मोठी चांगली दिसते."

ती आत गेली. इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन मागितलं.

ठिकाण : सावली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : (सही) रीता अश्विन भैसारे

आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली :
१. (सही) इंदुताई लहानू उंदीरवाडे, सावली
२. (सही) पोचू लटारू गेडाम, सावली