सत्तर अंशांचं पाणी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९.१०

आज लेकीने स्पष्ट सांगितलं की सकाळचा चहा होईपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर ती पाण्याविषयी एक शब्द ऐकून घेणार नाही. "जे काय म्हणायचंय ते लिहून काढ, आई." म्हणून ही वही. जावयांनी ऑफिसची गेल्या वर्षीची डायरी दिली. छापलेले वार या वर्षी चुकीचे. रोज एक वार खोडून सुरुवात करावी लागणार. हरकत नाही. तेहतीस वर्षं आठवी ते दहावीच्या वह्या तपासल्या आहेत, खोडायची सवय आहे.

वस्तुस्थिती. बाळ चोवीस दिवसांचं. लेकीला चालू असलेल्या औषधांमुळे अंगावरचं दूध बंद, डॉक्टरांनी पावडरचं सांगितलं. पावडर पाण्यात कालवायची. पण पाणी कुठलं? मी येईपर्यंत हा प्रश्न या घरात कुणालाही पडलेला नव्हता. नळ सोडायचा आणि किटली भरायची, असा कारभार.

घरी तपासायला येणारी नर्स म्हणते, "साधं नळाचंच घ्या, खळखळून एक मिनिट उकळू द्या, झाकून ठेवा, झालं." 'साधं' हा शब्द विज्ञानात नसतो. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले (पहिला वर्ग जवळजवळ, दोन गुण कमी) तेव्हा या मुलीचा जन्मही झाला नव्हता.

संकल्प: तीन दिवसांत पाणी निवडायचं, पद्धत लावून द्यायची, दहा तारखेच्या गाडीने घरी. परतीचं तिकीट पर्समध्ये आहे. मला इथे अडकून पडायचं नाही.

दुपारी ४

तीन भांड्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. अ: नळ. ब: विकतच्या बाटलीतलं. क: फिल्टरचं. जावई म्हणाले, "आई, यातल्या कुठल्या पाण्यात वरण लावू?" विनोद असावा.

४ मार्च, बुधवार. सकाळी ११

'ब' बाद. बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली. सोडियम तान्ह्या मुलाला नको तेवढं.

'क' बाद. फिल्टरची नळकांडी शेवटची कधी बदलली, असं विचारलं. लेकीने जावयांकडे पाहिलं, जावयांनी फिल्टरकडे.

उरला नळ. नर्स योगायोगाने बरोबर निघाली. पण एक मिनिट? एका मिनिटात काय मरतं! मी वीस मिनिटं उकळते. गार झाल्यावर पुन्हा वीस. किटली कपाटावर ठेवून दिली. ती उकळी आली की टक करून बंद पडते, तिला चिकाटी नाही.

दुसऱ्या उकळीनंतर पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर. लेकीला दाखवला. "बघ, हे बाळाच्या पोटात गेलं असतं." ती म्हणाली, "आई, मी दोन तास झोपू का?" मी म्हटलं, झोप की, अडवलंय कुणी? पण तेवढ्यात बाळ उठलं, आणि माझं पातेलं ऐन उकळीत होतं.

५ मार्च, गुरुवार. दुपारी १

चारपैकी तीन बर्नर माझ्याकडे. चौथ्यावर त्यांचा स्वयंपाक. जावयांनी दाराशी उभं राहून, "आई, चहापुरता एक बर्नर मिळेल का?" असं विचारलं. अर्ज विचाराधीन ठेवला.

पद्धत आता पक्की. दोनदा उकळलेलं पाणी स्टीलच्या मोठ्या डब्यात. डब्याला तोटी नाही, वरून काढायचं. दर तासाला तापमान. निवृत्त झाले तेव्हा शाळेने दिलेला थर्मामीटर सोबत आणलाय, लाल द्रवाचा, लाकडी पेटीतला. डब्यात बुडवायचा, वाचायचा, खांद्यावरच्या नॅपकिनला पुसायचा, पेटीत ठेवायचा. नॅपकिन स्वच्छ आहे, परवाच धुतलाय.

पावडर सत्तर अंशांच्या पाण्यातच कालवायची, कारण पावडरमध्येही जंतू असू शकतात. हे नर्सही म्हणाली. पण मी आधी म्हटलं होतं.

७ मार्च, शनिवार. सकाळी १०.३०

सकाळची बाटली सव्वीस मिनिटं उशिरा. माझा दोष नाही. पाणी त्र्याहत्तरवर होतं. त्र्याहत्तर म्हणजे सत्तर नव्हे. आणि कालवल्यावर ते पिण्याइतकं कोमट व्हायला वेळ लागतोच. बाळ तेवढा वेळ रडलं. त्याबरोबर लेकही रडायला लागली, म्हणजे आवाज दुप्पट. जावई बाळाला घेऊन खोलीभर फिरत म्हणाले, "आई, अंश सोडा, बाटली द्या." या वाक्यात सगळं आलं. माणसं अंश सोडायला किती पटकन तयार होतात!

सुधारणा सुचली. पावडर थोड्याशा सत्तर अंशांच्या पाण्यात कालवायची आणि उरलेलं माप डब्यातल्या गार पाण्याने पुरं करायचं. डब्यातलं दोनदा उकळलेलंच आहे. बाटली लगेच कोमट. दुपारची बाटली एक मिनिटसुद्धा उशिरा नाही. कुणी आभार मानले नाहीत.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

या घरात मी कोंडले गेले आहे. वाफेने स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट फुगली, आता ती उघडत नाही. बाहेरचं दार आपोआप लॉक होतं, आकड्यांचं बटण आहे. आकडा मला चारदा सांगितलाय म्हणे. मी पाण्याचे आकडे लक्षात ठेवू की दाराचे?

लेक म्हणाली, "अगं, खाली बागेत जा ना जरा. बाळाला घेऊन जा, गाडीत घालून. एक फेरी मार." मी विचारलं, आणि डब्याजवळ कोण बसणार? सोफ्यावर बसल्या बसल्याच तिचे डोळे मिटले होते. हल्ली कुणाशी चार शब्द बोलावेत तर समोरचा झोपतो.

बाळाचं आजचं सेवन: पाचशे चाळीस मिली.

९ मार्च, सोमवार. सकाळी ८.४०

बॅग भरली. उद्या सुटका. घरी काही कुणी वाट बघत नाही, दोन कुंड्या आहेत. पण आपलं घर ते आपलं घर. इतक्या दिवसांत एकदा स्वस्थ बसलेली नाही.

सकाळी ११.१५

कचरा टाकायला जिन्यापर्यंत गेले (दार लेकीने धरून ठेवलं). लिफ्टच्या दारावर सूचना: बुधवारी इमारतीची टाकी साफ करणार. म्हणजे गाळ ढवळणार. नेमक्या अशा वेळी मी निघून जायचं?

सगळ्यांना जमवून सांगितलं की माझा नाइलाज आहे. जावई म्हणाले, "आई, तुमची ओढाताण नको, जायचं तर जा." किती संकोची स्वभाव! राहा म्हणायचं असूनही म्हणवत नाही. त्यांनीच तिकीट बदलून सतरा तारखेचं केलं. बदल एकदाच करता येतो म्हणाले, दोनदा म्हणाले.

अडकले. दुसरा शब्द नाही.

११ मार्च, बुधवार. दुपारी ३

टाकी साफ झाली. आता तीनदा उकळते. डबा काठोकाठ.

१२ मार्च, गुरुवार. सकाळी ९.५०

पहाटेपासून बाळाचं पोट बिघडलंय. पाच लंगोट. सहा.

टाकी! मी सोमवारपासून सांगत होते. नाहीतर पावडर. नाहीतर जावयांचे हात. ते मोबाइल धरतात आणि मग बाटली धरतात, मी पाहिलंय.

दुपारी १२.३०

लेक-जावई बाळाला घेऊन डॉक्टरांकडून आले. बाळ सुकलेलं नाही, वजन नीट आहे, काळजी नको, पण लक्ष ठेवा. लेकीने मला हे दारातूनच सांगितलं आणि आत गेली. तिचा चेहरा इतका लहान झालाय की दहावीच्या परीक्षेची आठवण झाली. तेव्हाही मी तिच्याशेजारी बसून प्रश्न काढत होते.

दुपारी ४

नर्स आली. सोबत तयार दुधाच्या छोट्या सीलबंद बाटल्या. पाणीच घालायचं नाही! उघडायची आणि द्यायची. पोट ठीक होईपर्यंत हेच, म्हणाली. म्हणजे तोवर या घरात पाण्याचा प्रश्नच नाही. मग माझं काय काम, असं तिला कुणी विचारलं नाही.

नर्स पाण्याचे नमुने तपासायला नेणार आहे: नळाचं, किटलीतलं आणि डब्यातलं. अखेर विज्ञान! बाटल्या मी स्वतः भरल्या. वरती नावं न लिहिता फक्त १, २, ३, म्हणजे प्रयोगशाळेने डब्याला झुकतं माप द्यायला नको. कुठला आकडा कुठल्या पाण्याचा, ती किल्ली कागदावर लिहून पाकिटात बंद केली आणि या डायरीत ठेवली. किटली खाली काढावी लागली. धूळ बसली होती, धुतली.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ११

बाळाचं पोट पुष्कळ बरं. तयार दुधाने नव्हे, निसर्गाने.

चारही बर्नर मोकळे. जावयांनी एकाच वेळी चहा, वरण, भात आणि भाजी केली, नुसतं दाखवायला. मी खुर्चीत बसून होते. तासातासाला उठून डब्यापाशी जाऊन आले. चौतीस अंश. तेहतीस. तेहतीस.

१६ मार्च, सोमवार. सकाळी १०.४०

नर्स अहवाल घेऊन आली. सगळे टेबलाशी बसलो. किल्लीचं पाकीट मी सगळ्यांसमोर फोडलं.

नमुना १, नळ: पिण्यास योग्य.
नमुना २, किटली: पिण्यास योग्य.
नमुना ३: जंतू आढळले. क्षार नळाच्या पाण्याच्या दीडपट. लहान मुलांसाठी अयोग्य.

मी म्हटलं, चिठ्ठ्या बदलल्या असणार. मग आठवलं की चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. प्रयोगशाळेत नवशिकी माणसं असतात. जावई म्हणाले, "असतील ना, आई." लेक त्यांना म्हणाली, "तू गप्प बस."

नर्स सावकाश बोलते, हा तिचा गुण मान्य करायला हवा. म्हणाली की पुन्हा पुन्हा उकळलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, दाट होतात. मी म्हटलं, बाष्पीभवन, आठवीचा धडा. ती म्हणाली, "हो ना, काकू." नंतर विचारलं, डब्यातून पाणी कसं काढता, तापमान कसं बघता. मी दाखवलं. पेटी उघडली, थर्मामीटर काढला, नॅपकिनला पुसला, डब्यात बुडवला.

सगळे माझ्या खांद्याकडे बघत होते. मग मीही पाहिलं.

हा नॅपकिन धुतला होता 'परवा'. कुठला परवा, हे काढायला वही मागे चाळली. पाच तारखेच्या नोंदीतला परवा. त्यानंतर त्याने ओटा पुसला, हात पुसले, चष्मा पुसला, एकदा किटलीवरची धूळ. आणि तासातासाला थर्मामीटर.

दुपारी १.२०

लेक माझ्या खोलीत आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पलंगावर बसून म्हणाली, "मला तुझं पाणी नको होतं गं. मला तू यायला हवी होतीस, म्हणजे बाळाला तू घेशील आणि मी दोन तास झोपेन. एवढंच ठरवलं होतं मी."

मी म्हटलं, मग सांगायचंस.

म्हणाली, "सांगितलं. तीनदा."

ती गेल्यावर पुन्हा वही चाळली, या वेळी माझ्या बाजूचा पुरावा शोधायला. बाळाचं सेवन आहे. बाटल्यांच्या वेळा आहेत. लंगोट आहेत. बाळाला मी घेतल्याची नोंद एकही नाही. मी नोंद करायला विसरणाऱ्यातली नाही.

संध्याकाळी ५.३०

जावयांना सहज विचारलं की तिकीट आणखी एकदा पुढे सरकवता येईल का. माझ्यासाठी नव्हे, तुमच्या सोयीसाठी. ते मोबाइलमध्ये बराच वेळ बघत राहिले. खरंच बघत होते. "बदल एकदाच होता, आई." पुढे म्हणाले, "परत या ना पण. महिन्याभराने." आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी ४.५५

खाली गाडी उभी आहे. घाईत लिहिते.

जावयांच्या ताब्यात दिलं: पातेली तीन, चिठ्ठ्या सोलून. स्टीलचा डबा एक, रिकामा, घासलेला. भिंग एक. बर्नर चार. किटली ओट्यावर, पूर्वी होती तिथे. पद्धत (नर्सची): नळाचं ताजं पाणी, खळखळून एक उकळी, झाकण, अर्ध्या तासाच्या आत पावडर, उरलेलं ओतून द्यायचं. नॅपकिन कचऱ्यात, मी स्वतः. थर्मामीटर देऊ केला, त्यांनी पेटीसकट माझ्या बॅगेत परत ठेवला.

लेकीकडून मिळालं: बाळ, एक. २.१० वाजता. वजन अंदाजापेक्षा जास्त. डोकं हाताच्या घडीत बरोबर बसतं. उजव्या कानामागे तीळ आहे, मला कुणी सांगितला नव्हता. तापमान पाहिलं नाही.

लेक झोपली: २.१४ ते ४.४०. एकदाही उठली नाही.

बाळ परत दिलं: ४.५०. स्थिती: झोपलेलं. माझी करंगळी मुठीत होती, ती सोडवून घेतली.