फळ्यावरचा पूल

मंगळवार, संध्याकाळ

आज फळ्यावर तो पूल लिहिला, त्याची टोचणी लागून राहिली आहे. कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर रोज सकाळी मी वर दिनविशेष लिहितो आणि खाली इमारतीतल्या बातम्या. कुणाचा वाढदिवस, पाणी किती वाजता, असं. आज खडू हातात घेतला तेवढ्यात तळमजल्यावरच्या सावंतकाकू बाहेर आल्या.

"अरे दिलीप, ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. दिनविशेषात लिहिशील का?"

मी म्हणालो, "काकू, तिथे इतिहासातलं असतं. खाली बातम्यांत लिहू का?"

"वर्षापूर्वीची कसली रे बातमी? राहू दे," म्हणत त्या आत गेल्या. आणि मी परदेशातल्या कुठल्याशा पुलाचं उद्घाटन लिहिलं. तो पूल मी पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

संध्याकाळी परतल्यावर फळा दिसला आणि आठवलं. मी खाली उतरायच्या आत काका रोज ओल्या फडक्याने तो पुसून ठेवायचे. हे सकाळी का नाही आठवलं? की आठवलं होतं, आणि माझा नियम मोडायचा नव्हता?

काकूंचं दार वाजवलं. म्हटलं, "पूल पुसतो, काकांचं लिहितो."

"आता दिवस संपला. पुढच्या वर्षी लिही, लक्षात राहिलं तर."

घरी येऊन, ज्या वहीतून रोज दिनविशेष फळ्यावर उतरवतो त्या वहीत पूल खोडला, तिथे काकांचं नाव लिहिलं. पण ती वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.