ओच्यातलं मीठ

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. चौथीपर्यंत शिकले ती तुमच्याच हाताखाली. अक्षर अजून तसंच वाकडं आहे, चालवून घ्या.

रोह्याच्या एका शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते. आज दुपारी मास्तर लोक इतिहासाचे पेपर तपासत बसले होते, मी चहा घेऊन गेले. पाचवीच्या मॅडम, वयाने माझ्या लेकीएवढ्या, एकेक उत्तर वाचून दाखवत होत्या. एकाने गनिमी काव्याचा गनिमी चावा केलेला, म्हणजे शत्रूला चावायचं आणि पळायचं. खोटं कशाला सांगू, हसता हसता माझ्या हातून चहा सांडला. मग पुढचा पेपर. किल्ल्याला चोरदरवाजा कशासाठी असतो? एका मुलीने लिहिलेलं, बाबा पिऊन आले की आईला आणि मला मागून जाता यावं म्हणून. परत सगळे हसले. हे पालकांच्या ग्रुपवर टाकते, नाव झाकून, असं म्हणत मॅडमनी मोबाईल वर धरला. नाव झाकलं म्हणून बाप पोरीचं अक्षर ओळखणार नाही? मी पुढे झाले आणि हळदीच्या हातानेच पेपर दाबून धरला.

"मावशी, हात काढा. डाग पडतोय."

"पडू दे. तिचा बाप हाय त्या ग्रुपवर."

कोणी हसेना. मॅडमचा मोबाईल तसाच वर, माझा हात तसाच खाली. आणि मला आपला वर्ग दिसायला लागला. खाडीकडची आपली शाळा, तुम्ही रामवाडीहून चालत आलेल्या, पायाला चिखल. तुम्ही माझा पेपर वाचताय. मिठाचा सत्याग्रह कोणी केला? आमच्या आईने, रोज संध्याकाळी, ओच्यातून. तुम्हीच शिकवलेलं ना, बंदी असताना मीठ उचललं त्याला सत्याग्रह म्हणतात. वर्ग हसतोय. दुसऱ्या बाकावर, आई कामाला जायची त्या मिठागराच्या मुकादमाची मुलगी बसलीये, ती हसत नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्या बायांसमोर आईला लुगड्याचा ओचा झाडायला लावला. मूठभर मीठ पडलं. उद्यापास्नं येऊ नको गो, एवढंच बोलला. त्यानंतर मीही शाळेत आले नाही, आईबरोबर लोकांच्या शेतात लावणीला गेले. पेणच्या बाजारात तुम्ही दिसलात की आई तोंड फिरवायची. एकदा तुम्ही मलाच गाठून विचारलंत, आई रागावली का गो माझ्यावर? मी म्हणाले, मला काय म्हायती, आणि पळाले.

मॅडमनी शेवटी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. तुम्हाला कसं कळलं मावशी, असं हळूच विचारलं. मी कप गोळा करून निघून आले. सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तर ते तुम्हाला सांगते. लेकीने आईला पुढारी केलंन, असं म्हणून तुम्ही हसून पेपर खाली ठेवला होतात. तिथे ते संपलं होतं. मुकादमाची पोरही गंमतच समजली असती. मीच उठून उभी राहिले. चूक नाय बाई, आई खरंच आणते, असं सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलले. मला तो एक मार्क हवा होता. घरी आईला मात्र सांगितलं, तुझ्या मिठाचं बाईंनीच वर्गात सांगितलं. ती मरेपर्यंत तेच धरून बसली.

हा कागद धाडायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी धाडला नसता. त्या जुन्या पेपराबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवते. त्यावर तुमची लाल फुली आहे, आणि फुली खोडून शेजारी दिलेला एक मार्क. तो मी आईला कधी दाखवला नाही.